सतरा नंबरचा धबधबा

लोर्नाचा सत्तरावा वाढदिवस रविवारी होता. त्या सकाळी तंबूचा पडदा बाजूला सारताच समोर धबधबा दिसावा, एवढीच तिची मागणी होती. टॉलिव्हर राज्य उद्यानात असा पडदा एकाच ठिकाणी उघडतो: जागा क्रमांक सतरा. तिचं आरक्षण सहा महिने आधी सकाळी आठ वाजता सुरू होतं आणि आठ वाजून चार सेकंदांनी संपतं. सहा वर्षं आम्ही दोघं नवरा-बायको दोन संगणकांपुढे बोटं रोखून बसलो. सातव्या वर्षी कुणाचा तरी पाय मोडला आणि जागा आम्हाला मिळाली. त्या अनोळखी पायाचे मी मनोमन आभार मानले. हे बहुधा चुकलं.

गुरुवारी तंबू ठोकला. शुक्रवारी सकाळी लाकडी बाकावर एक कार्ड ठेवलेलं होतं: ‘आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. काय सुधारता येईल?’ मी चाळीस वर्षं ग्रंथालयात लोकांकडून अर्ज भरून घेतले. कोरी चौकट मला बघवत नाही. सुधारण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून बराच विचार करून लिहिलं, ‘रात्री धबधब्याचा आवाज किंचित जास्त वाटला. तक्रार नाही.’

नऊ वाजता ड्वेन कोवाल्स्की आला. ड्वेन हा निवृत्त प्लंबर. उन्हाळाभर आपलं गाडी-घर इथे फुकट उभं करायला मिळतं, त्या बदल्यात तो केशरी जाकीट घालून उद्यानाचे नियम सांभाळतो. त्याच्या हातात माझं कार्ड आणि आवाज मोजायचं यंत्र होतं.

“वेंडेल, रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ आहे. मर्यादा पंचावन्न डेसिबल. हा एकाहत्तर करतोय.”

“पण आता सकाळचे नऊ वाजलेत.”

“दिवसा एवढा, तर रात्री काय कुजबुजणार आहे?” त्यानं छापील नमुना काढला. “आवाज करणारा कोण? माणूस, वाहन की पाळीव प्राणी?”

“धबधबा,” मी म्हटलं.

“ती चौकट नाही. चाकं आहेत का त्याला?”

“नाहीत.”

“नाव नोंदवून राहतो का इथे?”

“माझ्या माहितीप्रमाणे नाही.”

“म्हणजे पाळीव प्राणी.” त्यानं खूण केली. “सगळ्यात जवळची जागा सतरा. मालक तुम्ही.”

लोर्ना अंडी तळत होती. ती तव्याकडे बघत म्हणाली, “लस टोचलीय का विचार त्याला.”

“ते खाली आहेच,” ड्वेन गंभीरपणे म्हणाला. “पट्टा सहा फुटांपेक्षा लांब नको. प्राण्याला एकटं सोडायचं नाही. दोन लेखी ताकिदी, मग जागा रिकामी करायची.”

मी घाईनं म्हटलं, “ड्वेन, मी तक्रार मागे घेतो.”

“कुणाची?”

“माझी.”

“तक्रारदाराचं नाव गोपनीय असतं. ती तुमची आहे असं मी मान्य करू शकत नाही.” मग आवाज उतरवून म्हणाला, “पण माणूस सभ्य असावा. अक्षर फार छान आहे.”

त्या दुपारी कड्यावरच्या पायवाटेनं लोर्ना एकटीच फिरून आली. मी चौऱ्याऐंशी फूट उंचीच्या प्राण्याशेजारी घडीची खुर्ची टाकून बसलो. माझ्या जाकिटावर ‘मालक’ अशी पट्टी होती. येणारे-जाणारे अदबीनं विचारत, “हात लावला तर चालेल?” एका बाईंनी त्याचं वय विचारलं. मी दहा हजार वर्षं म्हटल्यावर त्या हळहळल्या आणि म्हणाल्या, “या वयात फार जपावं लागतं हो.”

संध्याकाळी रेंजर हॅगर्टीबाई आल्या. त्यांनी पूर्ण फाइल वाचली आणि धबधब्याकडे एकदाही पाहिलं नाही. “रविवारी अकरा वाजता जागा सोडताना प्राणी सोबत न्यावा लागेल. मागे राहिला तर टाकून दिला असं धरलं जाईल, आणि तो गुन्हा आहे.”

“आमची गाडी लहान आहे,” मी म्हणालो.

“मग त्याला गप्प करा.”

ड्वेनमधला प्लंबर जागा झाला. वर जुन्या गिरणीचा बंधारा होता आणि त्याला झडप होती. दहाच्या ठोक्याला त्यानं ती फिरवली.

मी झोपताना कानातली यंत्रं काढून ठेवतो, त्यामुळे पुढचं मला शनिवारी सकाळी लोर्नाकडून कळलं. पाणी थांबलं तसं कुणालाच झोप येईना. मग सोळा नंबरवाल्यानं फोनवर धबधब्याचा आवाज लावला. मग अठरानं लावला. अकरा तंबूंतून अकरा धबधबे वाहू लागले. सगळे पंचावन्नच्या आत होते.

“आणि आपल्या तंबूतून?” मी विचारलं.

“आपला नायगारा होता,” लोर्ना म्हणाली.

सहाला झडप उघडली तेव्हा बारा नंबरवाले दचकून उठले आणि त्यांनी ते कार्डावर लिहिलं. आता उघडणं ही तक्रार झाली होती आणि बंद करणं हा तोडगा. म्हणून हॅगर्टीबाईंनी झडप बंद करवली आणि सगळ्यांना नवं कार्ड वाटलं: ‘धबधबा कायम बंद ठेवण्याबाबत आपलं काही म्हणणं?’

मी पेन उघडलं. लोर्नानं ते माझ्या हातातून काढून शेकोटीत टाकलं. “अजून एक शब्द लिहिलास, तर वेंडेल, तुला पट्टा बांधीन.”

दिवेलागणीला ड्वेननं कार्डं गोळा केली. तेवीसच्या तेवीस कोरी. सतरा नंबरचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

“कुणाचीच हरकत नाही,” तो समाधानानं म्हणाला. “एकमतानं मंजूर.”

रविवारी सकाळी लोर्नानं पडदा बाजूला सारला. समोर चौऱ्याऐंशी फूट कोरडा दगड होता. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं फोन हातभर लांब धरला, त्यात दिसणारा नायगारा दगडावर नीट बसवला आणि एक डोळा मिटून पाहिला. “दिसला,” ती म्हणाली. तिच्यामागे रांग लागली. ड्वेन रांगेची शिस्त लावायला धावला.

झडप अजून बंद आहे. उद्यानात गर्दी वाढली आहे, कारण फोनमधल्या धबधब्यानं झोप चांगली लागते. तुम्ही याल तेव्हा तुमच्याही हातात कार्ड देतील. आधी तुम्ही दगडासमोर उभे राहून फोटो काढाल. मग कार्ड उलटसुलट कराल, घड्याळ बघाल, कशाला उगाच म्हणाल, आणि ते कोरंच पेटीत टाकाल.

ते चोविसावं.