साडूपेक्षा भारी कुलूप

पेनड्राइव्हला कुलूप लावायची मला काडीचीही गरज नव्हती. गरज पडली ती साडूमुळे. रविवारी आमच्या हिने त्याचं तोंडभरून कौतुक केलं. "भाऊजींचा पेनड्राइव्ह हरवला तरी पासवर्डशिवाय कुणाला एक अक्षर वाचता येणार नाही. एन्क्रिप्शन केलंय त्यांनी!" मला त्याचा हेवा वाटतो, हे मी कबूल करतो. (त्याच्या केसांचाही वाटतो, पण ते जाऊ दे.)

सोमवारीच कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो.

"साडूचं दोनशे छप्पन बिटचं आहे. मला पाचशेचं द्या."

"साहेब, याहून जास्त लागत नाही हो कुणाला," दुकानदार म्हणाला. "हे सॉफ्टवेअर न्या. दहादा पासवर्ड चुकला की आतलं सगळं पुसून टाकतं."

"साडूचं पुसतं?"

"मला काय माहीत?"

म्हणजे पुसत नसणार. घेतलं.

ही घरांच्या सजावटीचे आराखडे करते. तिचं तीन महिन्यांचं काम एकाच पेनड्राइव्हवर होतं. मंगळवारी ती आंघोळीला गेल्यावर मी तोच कुलपात घातला. पासवर्डात अक्षरं, आकडा आणि एखादं चिन्ह हवं म्हणे. मला एका दमात सुचलं. सॉफ्टवेअरनेही हिरवी पट्टी दाखवून माझ्या मताला दुजोरा दिला. संध्याकाळी सांगून हिला चकित करायचं ठरवलं. (तिची मीटिंग बुधवारी आहे, असा माझा समज होता.)

अकरा वाजता ऑफिसात फोन आला.

"अहो, काय करून ठेवलंत? गिऱ्हाईक समोर बसलंय! माझी जन्मतारीख टाकली, लग्नाची टाकली, नऊदा चुकलं! नशीब, भाऊजी प्रोजेक्टर घेऊन आले होते, त्यांनी माझा हात धरला. पासवर्ड सांगा."

"तुला एकटीला सांगतो."

"स्पीकरवर आहात. टाइप भाऊजी करतायत."

"तू कर ना!"

"माझ्या हातून नऊदा चुकलंय हो. हे गेलं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

तिचा आवाज रडवेला झाला होता.

"घ्या साडूभाऊ. सगळं सलग. साडू... दीडशहाणा... शंभर... आणि टक्क्याचं चिन्ह."

पलीकडे कुणीतरी (बहुधा गिऱ्हाईक) खोकलं. मग कळा दाबल्याचा आवाज आला आणि ही ओरडली, "उघडलं!"

मी घाम पुसला. निदान फिटंफाट झाल्याचं समाधान तरी मिळावं!

"साडूभाऊ, खरं सांगा. तुमचाही पासवर्ड माझ्यावरच असेल ना?"

"छे हो," तो अगदी मनापासून म्हणाला, "तुमची कशाला आठवण येईल?"