सुरूच्या बनातले बोंबील

वनखात्याच्या साहेबांची गाडी किहीमहून निघाल्याचा फोन आला, तेव्हा हिरामणच्या नव्या कोऱ्या जंगलात बोंबील वाळत होते.

समुद्रकाठच्या त्या वाळूच्या पुळणीवर आजवर गवताची काडी उगवली नव्हती. गेल्या पावसाळ्यात खात्याने तिथे सुरूची रोपं लावली, प्रत्येकाला बांबूचा आधार दिला आणि हिरामणला राखणदार नेमलं. आता रांगेने रोवलेले बांबू दिसले की कोळणीला त्यात जंगल थोडंच दिसतं? त्याच्या बायकोने, गोदूने, बांबूंना आडव्या दोऱ्या बांधून बोंबील टांगले. तिला अडवायची हिरामणची बिशाद नव्हती. पण आज पाहणी करून साहेब त्याला कायम करायचं की घरी बसवायचं ते ठरवणार होते.

"गोदू, काढ हे सगला. साहेबांनी बघितला तं माझी नोकरी जाईल."

"अर्धेच वाललेत. आता काढले तं कुजतील."

"कुजू दे गो."

हे मात्र भोवलं. गोदूने भराभर बोंबील उतरवले, टोपल्या भरल्या, दोऱ्याही सोडल्या.

"राखा आता तुमचा जंगल," म्हणत ती घराकडे चालती झाली.

पुळण कशी लख्ख दिसू लागली. हिरामण खुशीत रस्त्यापर्यंत जाऊन साहेबांना घेऊन आला, आणि बघतो तर शेजारच्या चंदरच्या शेळ्या सुरूच्या शेंड्यांवर ताव मारत होत्या. बोंबलांपायी गोदू रोज काठी घेऊन इथे बसायची, कावळा, कुत्रं, शेळी कुणाला फिरकू द्यायची नाही, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. त्याची स्वतःची राखण नाक्यावरच्या चहाच्या टपरीतून चालायची. तो ओरडत धावला. शेळ्या एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेल्या आणि निवांत खाऊ लागल्या. त्यांनी ह्या माणसाला कधी पाहिलंच नव्हतं.

"हीच का तुमची राखण?" साहेबांनी विचारलं.

तेवढ्यात घराच्या दारातून गोदूची एकच हाळी आली. शेळ्या दचकल्या आणि शेपट्या वर करून पळत सुटल्या.

"शेळ्या ह्या बाईंना चांगलंच ओळखतात की," साहेब म्हणाले.

"वलखतील न्हाय तं काय? पाऊस गेल्यापासून मीच तं हाकलतेय," काठी घेऊन आलेली गोदू म्हणाली.

साहेब रांगेरांगेतून फिरले. पाच-सहा शेंडे गेले होते, बाकी रोपं तरारलेली होती. त्यांनी हिरामणच्या गळ्यातली राखणदाराची शिट्टी काढून घेतली आणि गोदूच्या हातात दिली. बांबू हलणार नाहीत एवढं बघून बोंबील पुन्हा टांगायलाही परवानगी दिली.

गाडी गेल्यावर बोंबील परत चढले. कावळे हाकायला त्यांच्याखाली हिरामण बसला. थोड्या वेळाने तो हळूच उठला.

"कुठं चाललाव?"

"वाईच चहा घेऊन येतो."

गोदूने शिट्टी वाजवली. हिरामण खाली बसला.