पडत्या पंखाला टेकू

आधी क्षमा मागते. पस्तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवताना मी दुसऱ्यांच्या लेखनावर लाल शाईने पुष्कळ शेरे मारले. स्वतः मात्र हजेरीपटापलीकडे काही लिहिले नाही. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, तेही एका बोटाने टंकत, एका माणसाचे चित्र रेखाटू पाहणे हा आगाऊपणा आहे, याची मला जाणीव आहे. ठवकरजींना माझ्याहून चांगली लेखणी मिळायला हवी होती. पण प्रताप नगरातल्या आमच्या इमारतीत आठच बिऱ्हाडे आहेत, आणि उरलेल्या सातांपैकी कुणी लिहायला बसेल असे दिसत नाही.

ठवकरजी हाती येईल त्या वस्तूचा तोल पाहतात. भाजीच्या गाडीवर दोडका उचलतात, दोन्ही तर्जनींवर आडवा धरतात, आणि तो नेमका कुठे स्थिर होतो ते सापडेपर्यंत मागचे गिऱ्हाईक ताटकळत राहते.

"काकाजी, दोडका घ्याचा हाय का झुलवाचा हाय?" भाजीवालीने एकदा विचारले.

"देठाकडं जड हाय. थांब ना वं," ठवकरजी गंभीरपणे म्हणाले.

एका लग्नाच्या जेवणात त्यांनी वाढप्याच्या हातातला झारा घेऊन त्याचा मध्य शोधला होता, आणि तेवढा वेळ आमची अख्खी पंगत भाताविना बसून राहिली.

या सवयीचे मूळ त्यांच्या ग्लायडरमध्ये आहे. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचे विमान. ठवकरजींचे ग्लायडर हलक्या लाकडाचे असते, पंखांची लांबी माणसाच्या उंचीहून थोडी अधिक, आणि शेपटी जमिनीवरून रिमोटने हलवता येते. त्याचा भार पंखाखालच्या एका ठरावीक रेषेवर यावा लागतो. "शेपटी जड झाली का विमान मान वर करते," ते समजावतात, "अन् मान वर केली का आपटते. आमच्या खात्यातले दोन-तीन साहेब तसेच गेले."

ते खाते विजेचे. खांबांवर चढण्यात ठवकरजींची हयात गेली, आणि फोरमन म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा छंद धरला. सावधगिरी मात्र खांबावरचीच राहिली. आमच्या डोक्यावरून खरी विमाने उतरतात, म्हणून प्रताप नगरात ते कागदी बाणसुद्धा उडवत नाहीत. "वरचं आभाळ दुसऱ्याचं हाय," म्हणतात. रविवारी सकाळी कळमेश्वरच्या बाजूला त्यांचे मित्र घोडेजी यांच्या पडीक शेतावर जायचे. तिथेही आधी विजेच्या तारा किती दूर आहेत ते चालून पाहायचे, मग चिमूटभर वाळले गवत हवेत सोडून वारा पाहायचा. गुराखी जवळ असेल तर त्याला हात जोडून लांब जायला सांगायचे. संक्रांतीच्या आठवड्यात मांज्याच्या भीतीने सारे बंद.

रिमोट आधी सुरू करायचा, विमान नंतर; बंद करताना उलट. हा नियम ते असा सांगतात, "उठतानी पह्यले मालक, मंग गडी. झोपतानी पह्यले गडी, मंग मालक." रिमोट किती लांबून चालतो हे तपासण्यासाठी त्यांनी एकदा पत्नीला, म्हणजे लीलाताईंना, ग्लायडर देऊन गच्चीवर उभे केले आणि स्वतः रिमोट घेऊन चालत निघाले. कोपऱ्यावरच्या मेडिकल दुकानापासून ते फोनवर ओरडत होते, "शेपटी हलून राह्यली काय वं?" लीलाताई गच्चीवरून तितक्याच मोठ्याने उत्तरल्या, "हलून राह्यली जी. आता घरी या, भाजी करपून राह्यली." ही चाचणी साऱ्या गल्लीने ऐकली.

लीलाताईंच्या सोसण्याला सीमा नाही. पंखावर चढवायचा पातळ प्लास्टिकचा कागद गरम इस्तरीने चिकटवावा लागतो, आणि इस्तरी घरात एकच. एकदा तो निळा कागद इस्तरीच्या तळाला वितळून बसला आणि तिथून लीलाताईंच्या पिवळ्या साडीच्या पदरावर उतरला. "माहेरच्या लग्नात मी अर्धी विमान होऊन गेली," असे त्या सांगतात, आणि सांगताना नवऱ्याकडे बघतही नाहीत.

आता माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. निवृत्तीच्या सुमारास माझा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, गंभीर आजार नाही, नुसता कंप आहे, आमच्या घराण्यात असावा. गोळी घ्या, थोडा कमी होईल. परंतु चहाचा कप बशीवर वाजायला लागला की समोरची माणसे बोलणे थांबवतात. हळदीकुंकवाला मी शेजारच्या एका सुनेच्या कपाळाऐवजी भुवईत कुंकू भरले. तेव्हापासून मी निमंत्रणे टाळू लागले आणि मनाशी ठरवले, की या हाताला लोकांसमोर काही काम द्यायचे नाही.

पावसाळ्यातल्या एका दुपारी ठवकरजी दोन तुकड्यांतला पंख घेऊन दारात उभे राहिले. "मॅडम, पाच मिनटं धरता काय? डिंक घट्ट होईस्तोवर. लीला इस्तरीपासून माह्या कोणत्याच कामाले हात लावत नाही."

"माझा हात हलतो," मी म्हणाले. हे वाक्य मी बाहेरच्या माणसाजवळ प्रथमच उच्चारले होते.

"हलू द्या ना. डिंक हाय, पाहुणा थोडीच हाय."

मी धरला. पाच मिनिटांनी पाहिले तर जोड स्पष्टपणे वाकडा बसला होता. ठवकरजींनी तो बोटांवर तोलून पाहिला, मोडला, घासून साफ केला, नवा डिंक लावला आणि पुन्हा माझ्याच हातात दिला. दुसऱ्यांदा तो सरळ बसला. मला वाटते, त्यांची विद्यार्थिनी मी त्याच दुपारी झाले.

हिवाळ्यात उड्डाणे सुरू झाली. घोडेजी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात काम करतात. लांब रबरी दोर गलोलीसारखा ताणून ग्लायडर वर फेकण्याचे काम त्यांचे. विमान उंच गेले, की ठवकरजी रिमोट माझ्या हातात देत. विमान आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे होते, आणि नवखा माणूस तिथेच चुकतो. त्यावर त्यांनी मला एक वाक्य पाठ करायला लावले, "पडत्या पंखाले दांडीचा टेकू द्या." जो पंख खाली झुकेल, रिमोटवरची छोटी दांडी त्याच बाजूला ढकलायची, डावे-उजवे विसरून जायचे. इतके स्वच्छ वाक्य मला पस्तीस वर्षांत एकाही पाठ्यपुस्तकात आढळले नव्हते.

पण अडचण वेगळीच निघाली. माझ्या हाताचा कंप दांडीतून थेट शेपटीत गेला. इतक्या उंचावरचे ते विमान सर्वांदेखत लटलटू लागले. घोडेजींना माझ्या हाताचे ठाऊक नव्हते. "थंडी वाजून राह्यली वाटते त्याले," ते सहज म्हणाले. मी रिमोट परत दिला आणि गाडीत जाऊन बसले. घरी परतताना ठवकरजी केवळ रस्त्यातल्या खड्ड्यांविषयी बोलले.

पुढच्या रविवारी मी डोके दुखत असल्याचे कळवले. त्याच्या पुढच्या शनिवारी ते स्वतः आले, टेबलावरची माझी पट्टी उचलून दोन बोटांवर तोलली आणि म्हणाले, "उद्या वारा बरा असन. सहाले निघू." नाही म्हणायला लागणारे धैर्य माझ्यापाशी नव्हते.

आणि त्या सकाळी विमान थरथरले नाही. मी दांडी धरली होती, हात नेहमीसारखाच होता असे वाटत होते, पण वर पंख शांत होते. माझी इच्छा एवढीच होती, की लोकांसमोर या हाताने एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत पार पाडावे. उतरवणे तोवर ठवकरजीच करत; आणखी चार रविवारांनंतर तेही माझ्या हातून घडले. ठवकरजी माझ्या मागे दोन पावले उभे होते, हात पाठीशी बांधून. उतरताना डावा पंख झुकला, मी त्याला टेकू दिला, आणि ग्लायडर वाळल्या गवतावर सरपटत येऊन थांबले.

"बसलं," ठवकरजी म्हणाले. "आता पह्यले गडी झोपवा."

घरी येऊन मी डॉक्टरांना फोन केला आणि गोळी उत्तम लागू पडल्याचे कृतज्ञतापूर्वक कळवले. त्यांनाही आश्चर्य वाटले. त्या आनंदात मी पाहुण्यांना स्वतःच्या हाताने चहा दिला, आणि लीलाताईंच्या हळदीकुंकवाला जाऊन आठ जणींना कुंकू लावले. दोघींचे किंचित कलले. कुणी काही बोलले नाही, आणि बोलले असते तरी मी घाबरले नसते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी घोडेजींना स्वतः एक फेरी मारायची लहर आली. त्यांनी माझ्याकडून रिमोट घेतला आणि ग्लायडर पार बांधाच्या बाभळीपर्यंत भरकटू दिले.

"काहून जी ठवकरजी, ह्याची दांडी मधात मेली हाय काय? एवढी हलवून राह्यलो, शेपटीले पत्ताच नाही."

"तुह्या घाईच्या हातासाठी नाही ते."

घोडेजींनी विमान कसेबसे उतरवले आणि रिमोटच्या छोट्या पडद्यावर बटणे दाबली. "हे पाहा ना. सेटिंगमधी कोणीतरी मधातला जोर काढून टाकला. दांडी निम्मी ढकलल्याबिगर काही होतच नाही. ह्यानं तुमी उडवता कसं?"

ठवकरजींनी रिमोट काढून घेतला. "कंपनीतूनच तसं येते."

"माहाही रिमोट ह्याच कंपनीचा हाय. त्याले तं नाही आलं."

"तुह्या वेळची कंपनी वेगळी होती," असे म्हणून ठवकरजी पंख सोडवायला खाली बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

यंत्रातले मला फारसे कळत नाही, पण इतके कळले. दांडीच्या लहान हालचाली विमानापर्यंत पोचू नयेत अशी व्यवस्था त्या रिमोटमध्ये करता येते. माझा हात सुधारला नव्हता. गाडीत मी तो मांडीवर ठेवून पाहिला. तो पूर्वीइतकाच थरथरत होता. डॉक्टरांना केलेला फोन आठवून कान तापले. आणि मग ध्यानात आले, की ठवकरजींकडे रिमोट एकच होता. ज्या माणसाला दोडक्याचाही तोल ढळलेला खपत नाही, त्याने सबंध हिवाळा स्वतःची उड्डाणेही त्याच बोथट दांडीने केली होती, वेडीवाकडी, धक्के खात. मला शंका येऊ नये म्हणून.

त्यानंतर पाच रविवार गेले. ठवकरजी नेहमीप्रमाणे गवत उडवून वारा पाहतात आणि रिमोट माझ्या हातात देतात. दर रविवारी सकाळी मी मनात आभाराचे एक नीट वाक्य जुळवते, आणि कळमेश्वर येईपर्यंत ते मोडते. आभार मानले, तर मला सारे कळल्याचे त्यांना कळेल, आणि त्यांनी इतक्या जपून ठेवलेली गोष्ट मी उघडी पाडीन. न मानले, तर ऋण तसेच राहील.

माझ्या जागी तुम्ही असता, तर त्यांना सांगितले असते का?