चुकीच्या हॉलमधलं प्रशिक्षण

रोझनी गाबायेरोन मॅडमनी पुतोचा दुसरा घास तोंडात घातला आणि मग समोरचा बॅनर वाचला. आधी बॅनर वाचून मग खायला घेतलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तांदळाचे ते वाफवलेले पुतो गरम होते, वर चीज होतं, आणि सकाळची पहिली जीपनी गाडी पकडायच्या नादात मॅडम उपाशीच इलोइलो शहरात आल्या होत्या. बॅनरवर पांढरी लिलीची फुलं होती आणि त्याखाली ठळक अक्षरांत, अंत्यविधी सेवा देणाऱ्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांचं या प्रशिक्षणात हार्दिक स्वागत केलेलं होतं.

मॅडमना जायचं होतं समोरच्या हॉलमध्ये. तिथे शिक्षकांसाठी मूल्यमापनाच्या नव्या पद्धतींवर तीन दिवसांचं शिबिर होतं आणि आमच्या शाळेने त्यासाठी त्यांचं नाव दिलं होतं. हॉटेलवाल्यांनी दोन्ही हॉलबाहेर सारखीच टेबलं मांडली होती, टेबलांवर सारख्याच कापडी पिशव्या होत्या आणि टेबलांमागे सारख्याच हसऱ्या मुली. या टेबलावरच्या मुलीला मॅडमचं नाव यादीत सापडलं नाही. तिने ते हाताने लिहून घेतलं, गळ्यात कार्ड अडकवलं, खाण्याचा डबा दिला आणि "बसा ना मॅडम, गरम आहे तोवर खाऊन घ्या" म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, चूक कळल्यावर उठून जायचं की. असं म्हणणारा माणूस आमच्या भागात वाढलेला नाही. ज्यांचं खाल्लं, त्यांच्याकडे तोंडातला घास गिळायच्या आत पाठ फिरवायची, हे आमच्याच्याने होत नाही. मॅडमनी ठरवलं, प्रार्थना होऊ दे, मग हळूच सटकू.

प्रार्थनेला लागून राष्ट्रगीत सुरू झालं. राष्ट्रगीत चालू असताना कोण बाहेर पडणार? ते संपतं न संपतं तोच सगळ्यांना अंग मोकळं करायला नाचायला लावलं, आणि नाचता नाचता मॅडम दारापासून आणखी लांब गेल्या. मग गट पडले. गटाला प्रमुख हवा होता. बाकीच्यांचा व्यवसायच हळू बोलण्याचा, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज त्या गटात एकट्या रोझनी मॅडमचा निघाला. टाळ्या वाजल्या आणि मॅडम गटप्रमुख झाल्या. शेजारच्या गृहस्थांनी आदराने विचारलं, "तुम्ही कुठल्या संस्थेतून?"

"शाळेतून," मॅडम म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही.

"शाळांमध्येही ही सोय झाली का," गृहस्थ म्हणाले. "बरं झालं."

जेवणाच्या सुट्टीत मॅडम धावत समोरच्या हॉलकडे गेल्या. तिथलं टेबल आवरून झालं होतं. एका बाईंनी सांगितलं की जे वेळेवर आले नाहीत त्यांच्या जागा भरल्या, उद्या कुणी गळालं तर बघू. दुसऱ्या दिवशी बघायला जाणं काही झालं नाही, कारण गटाचं सादरीकरण होतं आणि ते गटप्रमुखाने करायचं होतं. तिसऱ्या दिवशी समारोपाचा नाच होता, आणि तो मॅडमनीच बसवला होता.

तुम्हाला हे सगळं हसण्यासारखं वाटत असेल. रोझनी मॅडमना मात्र तसं वाटत नव्हतं. त्यांचं उमेदवारीचं हे तिसरं आणि शेवटचं वर्ष. मार्चमध्ये एक तर नोकरी कायम होणार, नाही तर निरोपाचा केक कापला जाणार. घरी आई होती, धाकटा भाऊ कॉलेजात होता, आणि दोघांचंही मॅडमच्या पगारावर चालत होतं. आमच्या करारात एक कलम आहे. शाळा शिक्षकाला आपल्या खर्चाने प्रशिक्षणाला पाठवील, शिक्षक तिथे जे शिकेल ते परत येऊन सहकाऱ्यांना शिकवील, आणि कायम करताना या गोष्टीचा विचार होईल. परत येऊन शिकवण्याच्या त्या कार्यक्रमाला आम्ही एको म्हणतो. मूळ आवाज शहरातल्या हॉटेलात होतो आणि आम्हाला शाळेच्या ग्रंथालयात त्याचा क्षीण पडसाद ऐकावा लागतो, तोही शुक्रवारी दुपारी.

एकोला आम्ही झोपायला जातो, हे आधीच कबूल केलेलं बरं. गणिताचे नेस्तोर सर तर काळा चष्मा लावूनच बसतात. त्या शुक्रवारीही ते लावून बसले होते. भिंतीवर रोझनी मॅडमचा हसरा फोटो असलेला बॅनर होता, खाली "मूल्यमापनाच्या नव्या पद्धती" असं छापलं होतं, आणि मागच्या टेबलावर मॅडमनी घरून करून आणलेलं शेवयांचं पानसित झाकून ठेवलं होतं. मुख्याध्यापिका पुरिता मॅडम पहिल्या रांगेत पाठ ताठ ठेवून बसल्या. एरवी त्या एकोला येत नाहीत. या वेळी आल्या, म्हणजे कायम करायचं की नाही ते बघायला आल्या, असं आम्ही समजलो. रोझनी मॅडमही तेच समजल्या.

मूल्यमापनाच्या नव्या पद्धतींतलं त्यांना अक्षरही ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशी नेटवरून काहीतरी उतरवून घेतलं होतं, ते त्यांनी समोर धरलं, आणि मग खाली ठेवून दिलं.

"मूल्यमापन म्हणजे शेवटी एक वाईट बातमी असते," त्या म्हणाल्या. "ती घरच्यांना कशी सांगायची, हे आपल्याला कुणी कधी शिकवलंच नाही."

नेस्तोर सरांनी चष्मा काढला.

पुढे मॅडम जे बोलल्या ते आम्ही कुठल्याच एकोत ऐकलं नव्हतं. माणसं आली की टेबलामागे बसून राहायचं नाही, उठून दारापर्यंत जायचं. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, आणि ते पिऊन होईपर्यंत विषय काढायचा नाही. नाव विचारायचं आणि पुढे सगळं त्या नावाने बोलायचं. तो कसा होता, काय आवडायचं, हे त्यांना सांगू द्यायचं आणि मधे तोंड घालायचं नाही. जे झालं ते चांगल्यासाठीच झालं, असं चुकूनही म्हणायचं नाही. त्यांना रडू आलं तर घड्याळाकडे बघायचं नाही. आणि निघताना फाटकापर्यंत पोचवायला जायचं.

अडचण एकच होती. शवपेट्या विकणाऱ्यांकडून तीन दिवस ऐकलेले शब्द जिभेवर बसले होते.

"आणि लगेच पेटी दाखवायची घाई करू नका," मॅडम म्हणाल्या.

"पेटी?" विज्ञानाच्या मॅडमनी विचारलं.

"प्रगतीपुस्तक," रोझनी मॅडम पटकन म्हणाल्या. "आधी त्यांना थोडं सावरू द्या, मग उघडा."

"आवडायचं असं का म्हणता? आवडतं म्हणा ना. पोरगं नापास झालंय, गेलेलं नाही," विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या.

"घरच्यांना त्या दिवशी तसंच वाटतं," रोझनी मॅडम म्हणाल्या. हे त्यांना आयत्या वेळी कसं सुचलं, देव जाणे. आमच्यातल्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या पालकाचा चेहरा आठवला असणार. मला तर दोन आठवले, आणि बरं वाटलं नाही. पानसित गार झालं तरी कुणी उठेना. पुरिता मॅडम मात्र पानसित न खाताच निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात पालकांना प्रगतीपुस्तकं द्यायची होती. आमच्याकडे हा दिवस म्हणजे युद्धच असतं. शिपायालाही त्या दिवशी नेमकी रजा हवी असते. सगळ्यांना धास्ती होती ती मानोंग तेओदींची, म्हणजे तेओदीदादांची. त्यांचा मुलगा जेरिक गणितात गटांगळ्या खात होता. मानोंगांचं आयुष्य मासेमारीच्या बोटीवर, इंजिनाच्या आवाजावर ओरडत गेलेलं, त्यामुळे ते नुसतं "कसं काय" म्हणाले तरी वर्गाच्या खिडक्या वाजतात. गेल्या खेपेला त्यांचं नेस्तोर सरांशी जे बोलणं झालं, ते पलीकडच्या चर्चमध्ये ऐकू गेलं होतं.

या खेपेला नेस्तोर सर उठून दारापर्यंत गेले. मानोंगांना बसवलं, पाणी दिलं आणि गप्प बसले. नेस्तोर सर गप्प बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मग त्यांनी जेरिकला काय काय येतं ते विचारलं. मानोंग आधी गडबडले, मग सांगू लागले. पोरगं जाळं विणतं, इंजिन खोलतं, आई दुबईला गेल्यापासून धाकटीची वेणीही तोच घालतो. हे सांगता सांगता त्या धिप्पाड माणसाचा आवाज इतका खाली आला की शेजारच्या वर्गात आम्हाला कान लावावे लागले. प्रगतीपुस्तक उघडलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शनिवारी पाठवू का सर त्याला तुमच्याकडे?" सर त्यांना फाटकापर्यंत पोचवून आले आणि स्टाफरूममध्ये येऊन थेट रोझनी मॅडमसमोर उभे राहिले.

"नाही तर आणखी वीस वर्षं मी त्या माणसाशी भांडत राहिलो असतो," ते म्हणाले. "तुमचे उपकार आहेत, मॅडम."

सगळ्यांचाच दिवस असा गेला. जो तो रोझनी मॅडमचे आभार मानत होता, आणि प्रत्येक आभारागणिक त्यांचा चेहरा आणखी उतरत होता.

सोमवारी मानोंग तेओदी पुन्हा आले. हातात केळीच्या पानात गुंडाळलेल्या, तांदळाच्या गोड बिबिंका होत्या. त्यांना मुख्याध्यापिकांनाच भेटायचं होतं. पुरिता मॅडमनी त्यांना बसवलं, रोझनी मॅडमनाही बोलावून घेतलं. ऑफिसची भिंत प्लायवुडची आहे आणि मानोंगांचा आवाज पूर्ववत झाला होता, त्यामुळे स्टाफरूममध्ये आम्हाला कसलेच कष्ट पडले नाहीत.

"कसं बोलतात तुमची माणसं," मानोंग म्हणत होते. "पाणी काय, नाव काय, फाटकापर्यंत सोडणं काय. माझी आई गेली ना, तेव्हा त्या फ्युनरलवाल्यांनी अगदी अस्संच केलं होतं. शब्द न् शब्द तोच. मला भरूनच आलं."

ते आभार मानून गेले. मग रोझनी मॅडमचा आवाज आला. त्यांनी सगळं सांगितलं. पुतो, बॅनर, राष्ट्रगीत, गटप्रमुखपद, काहीही सोडलं नाही. समारोपाच्या नाचाचंही सांगितलं, ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं. शेवटी म्हणाल्या की शाळेचा खर्च त्या पगारातून फेडतील, फक्त मार्चपर्यंत तरी राहू द्यावं. आमच्या बाजूला कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नेस्तोर सर आत जायला उठले होते, त्यांना विज्ञानाच्या मॅडमनी हाताला धरून खाली बसवलं.

"करारात काय लिहिलंय?" पुरिता मॅडमनी विचारलं. "प्रशिक्षणाला जायचं. गेलात?"

"गेले, पण मॅडम, चुकीच्या..."

"शिकलात काही?"

"हो."

"परत येऊन शिकवलंत?"

"हो, मॅडम."

"मग कलम कुठे मोडलं ते मला दाखवा. कुठल्या हॉलमध्ये बसायचं, हे त्यात लिहिलेलं नाही." खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "तुमचं कायम करण्याचं पत्र मी त्या शुक्रवारीच सही करून वर पाठवलंय. पानसित खायला थांबले नाही ती त्यासाठीच."

रोझनी मॅडम रडू लागल्या. इकडे विज्ञानाच्या मॅडमही रडू लागल्या. मी रडलो नाही, पण देवाचे आभार मानले.

"पण मॅडम," जरा वेळाने रोझनी मॅडमचा ओला आवाज आला, "तुम्हाला राग कसा नाही आला?"

मग पुरिता मॅडम कधी नव्हे इतक्या हळू बोलल्या. आम्हाला भिंतीला गालच लावावे लागले.

"त्या शिबिराला ऐनवेळी माझंही नाव घातलं होतं, मुख्याध्यापकांच्या यादीत. तीन दिवसांसाठी. त्याच आठवड्यात शहरात माझी मुलगी बाळंत झाली. तासभर नातीला बघून येते म्हणून गेले, ती तिन्ही दिवस तिला मांडीवर घेऊन बसले. मी त्या हॉलमध्ये असते, तर तुम्ही तिथे नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं नसतं का? मुख्याध्यापकांना एको करावा लागत नाही, बाई, म्हणून माझं निभावलं. तुमच्याकडे निदान शिकवण्यासारखं काहीतरी होतं."

बिबिंकांवरचं पान काढल्याची सळसळ ऐकू आली. मग पुरिता मॅडमनी नेहमीचा आवाज लावला.

"आणि भिंतीपलीकडे बसलेल्या कुणीही हे ऐकलेलं नाही."

"नाही, मॅडम," आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हटलं.