मिलोची काळी काच

"यंदा मिलोच्या हेल्मेटवरची ती काळी काच उतरवली नाही, तर नावाचा हार्लन व्होग्ट नाही," असं हार्लनने सासूबाईंच्या घरी, रविवारच्या जेवणात, बटाट्याचं भांडं हातात असताना जाहीर केलं. भांडं त्याने खाली ठेवलं नाही, त्यामुळे भाषण संपेपर्यंत बाकीच्यांना बटाटे मिळाले नाहीत.

मिलो त्याच्या समोरच बसला होता. मिलो पेकारेक म्हणजे हार्लनच्या बायकोचा, लोरेटाचा, धाकटा भाऊ. नदीपलीकडच्या लोअर बेंड गावात त्याची बेकरी होती. आठवडाभर हा माणूस जर्दाळूचा मुरंबा भरलेले पाव भाजायचा, गिऱ्हाइकांच्या पोरांना फुकट बिस्किटं वाटायचा आणि शनिवारी अंगावर पॅड चढवून लोअर बेंडच्या अमेरिकन फुटबॉल संघातून माणसं आडवी करायचा. हार्लन अलीकडच्या काठावरच्या कॉपर फोर्डचा. धंदा घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्यांच्या दुरुस्तीचा. शनिवारी मात्र तो कॉपर फोर्डचा क्वार्टरबॅक असे. चेंडू त्याच्या हातात यायचा, तो कुणाकडे फेकायचा हे तो ठरवायचा, आणि ठरवता ठरवता मिलो येऊन त्याच्या छातीवर बसायचा. गेली नऊ वर्षं हेच चाललं होतं. विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यात लोक हंगामाची सुरुवात पानगळीवरून नाही, तर हार्लनच्या बरगड्यांवरून ओळखत.

"त्या काचेने तुझं काय बिघडवलंय?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, हा सगळा डोळ्यांचा खेळ आहे. समोरचा कुठे बघतोय ते मी बघतो आणि दुसरीकडे चेंडू फेकतो. मी कुठे बघतोय ते तो बघतो आणि तिकडे धावतो. आता माझे डोळे उघडे आणि याच्या डोळ्यांवर पडदा. याला खेळ म्हणायचं की शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावणं?"

"तसं नाही हो दाजी," मिलो ताटाकडे बघत म्हणाला. "मला दिव्यांचा त्रास होतो."

"दुपारच्या सामन्यात?"

"तेव्हा उन्हाचा होतो."

"तो लहानपणापासून नाजूकच आहे," सासूबाई म्हणाल्या आणि त्या एकशेवीस किलोच्या नाजूक जिवाला त्यांनी मांसाचा आणखी एक तुकडा वाढला.

 लोरेटाने नवऱ्याच्या हातातून बटाट्याचं भांडं काढून घेतलं.

सोमवारी सकाळीच हार्लन बर्निस टॉरगर्सनबाईंच्या दुकानात जाऊन उभा राहिला. बाई मासेमारीचं सामान विकत. फ्रीजमध्ये एका खणात गांडुळांचे डबे आणि दुसऱ्या खणात स्वतःचा डबा ठेवत, आणि दोन्हीत गल्लत झाल्याचं आजवर कुणी सिद्ध केलं नव्हतं. साऱ्या तालुक्याच्या फुटबॉल लीगच्या त्या अध्यक्षही होत्या, कारण दुसरं कुणी ते काम घेत नव्हतं.

हार्लनने आपलं म्हणणं मांडलं. बाईंनी ते शांतपणे ऐकलं, मग मिलोला बोलावून त्याचं हेल्मेट आणवलं आणि स्वतःच्या डोक्यावर चढवलं. हेल्मेटसकट त्या दुकानात एक चक्कर मारून आल्या. वाटेत गळांची एक आख्खी मांडणी खाली आली.

"अरे, यातून मला माझाच फ्रीज दिसत नाही," त्या आतून म्हणाल्या. "यात फायदा कसला? तोटाच म्हणायचा."

"बर्निसबाई, त्याला कमी दिसतं हा प्रश्नच नाही. तो मला कमी दिसतो, हा प्रश्न आहे. आता सांगा, तुम्ही या क्षणी कुठे बघताय ते मला कळतंय का?"

"मी तुझ्याकडेच बघतेय. आणि चांगल्या नजरेने नाही."

मिलो कोपऱ्यात उभा राहून खाली पडलेले गळ गोळा करत होता. बाईंनी हेल्मेट काढलं आणि निकाल दिला. लीगच्या नियमांत काचेचा उल्लेख नाही. ज्याला घालायची त्याने घालावी. हार्लनला एवढाच मत्सर वाटत असेल तर त्यानेही घालावी.

न्याय मिळाला नाही की माणूस अन्यायात भागीदारी मागतो. हार्लनने आठवड्याभरात आपल्या अकराही खेळाडूंसाठी काळ्या काचा मागवल्या आणि त्याही मिलोच्या काचेपेक्षा दोन छटा गडद. पुढचा सामना हॅडली गावाशी होता. हॅडलीचा संघ म्हणजे निम्मे आजोबा आणि उरलेल्यांचे गुडघे आजोबांचे. कॉपर फोर्डचे अकरा काळतोंडे वीर मैदानात उतरले तेव्हा हॅडलीचे लोक खरोखर घाबरले. ती भीती साधारण पहिल्या डावापुरती टिकली.

मैदानावर चार खांब आणि त्यांवरचे दिवे जेमतेम. सूर्य मावळला तसं कॉपर फोर्डला काही दिसेनासं झालं. समोरचा कुठे बघतोय हे जाऊ द्या, समोर कुणी आहे का हेच कळेना. दोन जण एकमेकांवर आदळून तिथेच बसले. एकाने चेंडू पकडला आणि जिवाच्या आकांताने उलट्या दिशेला धावत सुटला; त्याला अडवायला त्याचेच भाऊबंद मागे धावले, तर त्याला वाटलं शत्रू आहेत, म्हणून तो आणखी जोरात पळाला. हार्लनने त्या हंगामातली सगळ्यात सुंदर फेक केली. चेंडू लांबवर, सरळ, फिरकी घेत गेला आणि पंचाच्या पोटात जाऊन बसला. पंचाने तो घट्ट धरला होता, हे हार्लन नंतरही सांगत असे.

हॅडली जिंकलं. हॅडलीच्या चर्चची घंटा वाजवण्यात आली. तिचा दोर मागच्या विजयानंतरच्या काळात कुजला होता, तो तुटला.

दुसऱ्या दिवशी हार्लन पुन्हा दुकानात.

"बघितलंत? काचेचा खेळावर किती परिणाम होतो ते मी सिद्ध करून दाखवलं."

 "काच लावून तू हरतोस, न लावता तू हरतोस," बर्निसबाई म्हणाल्या. "पण तू रोज इथे येऊन उभा राहिलास की माझी गिऱ्हाइकं बाहेरच्या बाहेर जातात. जा. आजपासून कुणालाच काच नाही."

हार्लन घरी आला तो छाती पुढे काढून. दोन दिवसांनी लोरेटाने मात्र भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

"आईचा फोन होता. मिलोने दोन दिवस धड खाल्लं नाही."

"मी त्याला उपाशी ठेवलंय का? एक काच तर काढायला लावली."

"तो तुझं काय घेतो रे? आठवडाभर पिठात असतो बिचारा. एक शनिवार त्याला मान मिळतो, तोही तुला बघवत नाही."

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे, लोरेटा."

"हो, तत्त्वाचाच. बरगड्यांचा नाहीच."

लोअर बेंडशी असलेल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मिलो स्वतः हार्लनच्या कारखान्यात आला. येताना पावांचा खोका आणला होता. एका उघड्या भट्टीशेजारी तो येऊन उभा राहिला.

"दाजी, तक्रार मागे घेता का?"

"का म्हणून?"

"मी जरा हळू आपटेन तुम्हाला. वाटलं तर बाजूला बसेन, छातीवर नाही बसणार."

"मला उपकार नकोत. मला फक्त तुझे डोळे बघायचे आहेत."

 "तेच तर नको ना," मिलो म्हणाला. मग खोका टेबलावर ठेवून निघून गेला. हार्लनने त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला. भ्याला, असं तो एक पाव खाता खाता म्हणाला. त्या रात्री त्याने लग्नाच्या अल्बममधले मिलोचे सगळे फोटो काढून डोळ्यांचा अभ्यास केला. निम्म्या फोटोंत मिलोने डोळे मिटलेले होते. हार्लनने दोष छायाचित्रकाराला दिला.

शनिवारी दोन्ही गावं मैदानावर लोटली. लोअर बेंडच्या लोकांनी मिलोच्या नावाच्या पाट्या आणल्या होत्या. त्यांतल्या एकीवर त्याचं रानबैलासारखं चित्रही होतं. मिलो उघड्या हेल्मेटने आत आला. चेहऱ्यावर जाळी तेवढी. दातांच्या डॉक्टरकडे पाळी लागलेल्या माणसासारखा तो दिसत होता.

पहिला डाव. चेंडू हार्लनच्या हातात आला. समोरून मिलो निघाला. हार्लनने इतक्या वर्षांची इच्छा पुरी करून घेत त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

डोळे मिटलेले होते.

नुसते मिटलेले नव्हते, तर कडू औषध पाजताना पोरं मिटतात तसे गच्च आवळलेले. तोंड वाकडं, मान खांद्यांत, आणि एकशेवीस किलो आंधळेपणाने सरळ रेषेत धावत येत होते. हार्लन ते बघण्यात इतका गुंग झाला की चेंडू फेकायचं राहूनच गेलं. पुढच्या क्षणी तो गवतावर होता आणि मिलो त्याच्या छातीवर.

"मिलो," तो खालून म्हणाला, "तू डोळे मिटतोस?"

"हळू बोला ना, दाजी."

"पहिल्यापासून?"

"भीती वाटते हो आपटायची. काच होती तोवर कुणाला कळत नव्हतं."

हार्लन तिथेच पडून विचार करू लागला. हे गुपित पोटात ठेवावं, असं त्याला खरंच वाटलं. मेहुणा होता, पाव चांगले करायचा, लोरेटाचा जीव की प्राण होता. पण नऊ वर्षं हरलेल्या माणसाच्या पोटात जागा कमी असते. दुसऱ्या डावाला मिलो डोळे मिटून निघाला तेव्हा हार्लन फक्त एक पाऊल डावीकडे सरकला. मिलो त्याच्या बाजूने तसाच पुढे गेला, सीमारेषा ओलांडून गेला आणि कॉपर फोर्डच्या बँडमधल्या मोठ्या ढोलात शिरला.

तिसऱ्या डावाला तो कॉफीच्या टेबलावर गेला. चौथ्या डावापर्यंत ही गोष्ट साऱ्या मैदानाला कळली होती. कॉपर फोर्डचा जो तो खेळाडू मिलो आला की अंगावर येणारी बस चुकवावी तसा बाजूला होई. प्रेक्षकांत आधी खसखस पिकली, मग लोअर बेंडचे लोकही हसू लागले. रानबैलाच्या चित्राची पाटी कुणीतरी हळूच उलटी करून बसायला घेतली. मिलोने एकदा हेल्मेट काढून घाम पुसला. तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि तो धावण्याने नव्हे, हे हार्लनला दिसलं. त्याला वाटलं तितका आनंद झाला नाही. तरी तो शेवटपर्यंत बाजूला सरकत राहिला.

कॉपर फोर्ड जिंकलं. हार्लनला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारण्यात आली.

रविवारी तो सासूबाईंकडे गेला तेव्हा कुणी अभिनंदन करील अशी त्याची अपेक्षा नव्हती, पण निदान कुणी विषय काढील अशी होती. कुणी काढला नाही. मिलो मान खाली घालून जेवत होता. शेवटी हार्लननेच घसा साफ केला.

"मिलो, झालं गेलं विसरून जा. पण एक कोडं मला काही सुटेना. तू नऊ वर्षं डोळे मिटून खेळलास, मग माझ्या फेकी मध्येच पकडायचास कशा? मागच्या वर्षी तर चार पकडल्यास."

मिलो संकोचला. "मी नाही हो पकडायचो, दाजी. तुम्ही पोटावर मारायचात. मी नुसते हात जवळ घ्यायचो."

 सासूबाईंनी काटा खाली ठेवला आणि जावयाकडे त्या आज पहिल्यांदाच नीट बघितल्यासारख्या बघत राहिल्या.

"म्हणजे डोळे मिटलेल्या माणसाकडून तू नऊ वर्षं हरत होतास?"

हार्लनने मदतीसाठी लोरेटाकडे पाहिलं. ती पाण्याच्या पेल्याआड हसू दाबत होती. त्याने अंदाज बांधला की एवढ्यात कॉपर फोर्डमध्येही कुणीतरी, न्हाव्याच्या दुकानात नाहीतर चर्चच्या पायऱ्यांवर, हाच हिशोब मांडत असेल.

तसा तो मांडला गेलाच. सोमवारी हार्लन भट्टी दुरुस्त करायला जिथे जिथे गेला, तिथे घरमालकाने अभिनंदन केलं आणि पाठोपाठ, "पण मला एक सांग," असं म्हटलं. तिसऱ्या घरानंतर त्याने गाडी वळवली ती थेट बर्निसबाईंच्या दुकानापुढे.

"काच पुन्हा चालू करा," तो म्हणाला.

"मिलोची दया आली वाटतं?"

"त्याची कसली?" हार्लन म्हणाला. "मला घालायचीय. दुकानात, बाजारात, चर्चमध्ये, सगळीकडे."