फ्लॉप्यांचं विसर्जन

दसऱ्याच्या सकाळी कृष्णरावांनी कंप्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि जन्मपत्रिकेचं जुनं सॉफ्टवेअर पुसून टाकलं. देवासच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते मराठी घरांच्या पत्रिका छापून देत. आता नवी सीडी आली होती, आणि मुहूर्तही साडेतीनांपैकी एक!

"आधी नवं चालतंय का ते तरी बघा," सुमंगलाबाई म्हणाल्या.

"जुनी मूर्ती हलवल्याशिवाय नवी बसवतात का कुठे?" कृष्णरावांनी जुन्या सॉफ्टवेअरच्या पाच फ्लॉप्या निर्माल्याच्या पिशवीत टाकल्या. "टेकडीवर देवीला जाताना तलावात सोड."

संध्याकाळी धारचे मानसिंगराव आपल्या शंतनूसाठी शिखाची पत्रिका न्यायला येणार होते. उद्या त्यांना इंदूरची मुलगी बघायची होती. शिखाला शंतनू फार आवडला होता, पण लेकीची पत्रिका नव्यातूनच छापायची म्हणून कृष्णरावांनी ती मुद्दाम राखून ठेवली होती.

सुमंगलाबाई टेकडीवरून आल्यावर दुपारच्या मुहूर्तावर सीडी घातली. पडद्यावर उमटलं: चौसष्ट एमबी मेमरी हवी, आपल्याकडे सोळा आहे. कृष्णरावांनी कंप्युटर तीनदा बंद करून चालू केला. उदबत्तीही ओवाळली. सोळाचे चौसष्ट काही होईनात. शेवटी त्यांनी सीडी विकणाऱ्या चिंतामणीला फोन लावला.

"सीडी एकदम बढिया आहे काका, मशीन पुरानी आहे. अभी जुनंच चालवा ना."

"पुसलं."

"फ्लॉपी तर असेल?"

"विसर्जन झालं."

"दसरा मुबारक, काका," म्हणून चिंतामणीने फोन ठेवला.

"हद्द करता बाबा!" शिखा रडकुंडीला आली. "लोकांच्या पोरींच्या शंभर पत्रिका छापल्या, अन् माझी बारी आली तर हे!"

कृष्णरावांचा चेहरा उतरला. चार वाजून गेले होते.

तेवढ्यात सुमंगलाबाईंनी देवघरातून पाचही फ्लॉप्या आणून टेबलावर ठेवल्या. "निर्माल्य सोडलं, ह्या ठेवल्या. विसर्जन करताना परत या म्हणतोच ना आपण? म्हटलं, उगाच जाऊन येण्याचा त्रास कशाला!"

कृष्णरावांनी कुंकू फुंकून फ्लॉप्या घातल्या. पाच वाजता प्रिंटर कुरकुरला, साडेपाचला मानसिंगराव आले.

"वा, सुरेख छापलीय! नवं सॉफ्टवेअर का?"

"छे! पारखल्याशिवाय जुनं हलवायचं नाही, ही आमच्या घरची पद्धत," कृष्णराव छाती काढून म्हणाले.

"अशा घरची मुलगी असेल तर इंदूरला जायची काय घाई?" मानसिंगराव खूश झाले.

स्वयंपाकघरात सुमंगलाबाईंना मोठा ठसका लागला.

"म्हणजे," कृष्णरावांनी आवाज खाली आणला, "हिच्या माहेरची पद्धत."