हत्तीचं माप

मास्तरांनी त्या दिवशी पिल्लाला टेप लावली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. टेप काही लांब नव्हती, गळ्यातच होती. पण मास्तरांच्या गळ्यातली टेप म्हणजे पुढाऱ्याच्या गळ्यातला हार, निव्वळ शोभेची. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून आत येईपर्यंत मास्तरांनी त्याला नजरेनं मापून, कापून, शिवून, इस्त्री करून मोकळं केलेलं असे. "ज्याला नजर नाही त्यानं टेप लावावी," असं ते म्हणत, आणि आजवर ते खरंही होतं.

कुत्र्याचं ते पिल्लू दिलं एका लॉरी ड्रायव्हरनं. शर्ट शिवायला आला, तेव्हा ते त्याच्या काखेत झोपलं होतं. "मास्तर, ठेवून घ्या. याचा बाप वासराएवढा आहे," तो म्हणाला. (बाप त्यानं स्वतः पाहिला होता की नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही.) मास्तरांनी पिल्लाचा पुढचा पाय हातात घेतला. पंजा चांगलाच दणकट होता. त्यांनी एक डोळा बारीक केला आणि निकाल दिला.

"कमरेला लागेल."

"कुणाच्या?" मास्तरीणबाईंनी काजं करता करता विचारलं. दुकानात काजं, बटणं आणि हातशिलाई त्यांच्याकडे असे.

"माझ्या. वाढ पंजात दिसते."

"टेप लावून बघता का जरा?"

"टेपेनं आजचं माप कळतं. मी उद्याचं बघतोय."

आणि उद्याचं बघून त्यांनी पिल्लाचं नाव ठेवलं हत्ती.

खरी गोष्ट अशी होती, की मास्तरांना हल्ली आजचंही नीट दिसत नव्हतं. बाह्या बोटांपर्यंत आल्या म्हणून दोन-तीन शर्ट परत आले होते. (गिऱ्हाईक आखडलंय, मास्तर म्हणाले.) सुईत दोरा ओवायला वेळ लागत होता. (कंपनीवाले हल्ली भोकंच बारीक पाडतात, मास्तर म्हणाले.) मास्तरीणबाईंनी चष्म्याचा विषय काढला की ते जोरात मशीन चालवायला लागत. रागापेक्षा त्यात भीती जास्त होती. नजर हीच त्यांची सारी कमाई. ती गेली तर मागे उरतं काय? गळ्यात टेप टांगलेला एक साधा माणूस. अशा माणसाकडे कोण कशाला येईल?

"हा हत्ती माझ्या कमरेला लागला नाही, तर मी चष्मा लावतो," त्यांनी बायकोला सांगून टाकलं. "मग तर झालं?"

"झालं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दोरा दातानं तोडला.

दुसऱ्या दिवशी मास्तर हत्तीचं खाणं आणायला गेले. दुकानात जमिनीपासून छतापर्यंत पोती रचलेली होती आणि प्रत्येक पोत्यावर एकेक कुत्रं नुकतंच बक्षीस मिळाल्यासारखं हसत होतं. दुकानदार तरुण होता आणि त्याला चष्मा होता. मास्तरांना त्याची कीव आली.

"कुत्रा केवढा आहे?" त्यानं विचारलं.

"आत्ता केवढा आहे ते, की होणार आहे ते?"

"जात कुठली?"

"मोठी."

"मोठी म्हणजे लार्ज की जायंट?"

मास्तर अडखळले. मोठ्याच्याही वर आणखी एक मोठं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी दोन्हींचे दाणे मागवले, तळहातावर घेतले, कापडाचा पोत बघावा तसे अंगठ्यानं चोळले, वास घेतला, उजेडात धरले. दुकानदार सगळं समजावून सांगत होता. मोठ्या जातीच्या पिल्लाला भराभर वाढू द्यायचं नसतं. वजन पुढे धावलं आणि हाडं मागे राहिली, की सांधे कायमचे बिघडतात. म्हणून या खाण्यात चरबी बेतानं असते, कॅल्शियम तोलून घातलेलं असतं. "वाढ होते, पण सावकाश. घाई केली की घात."

मास्तर भारावून गेले. शाळेच्या मुलांचे गणवेश त्यांनी जन्मभर याच हिशोबानं शिवले होते. खाली भरपूर दुमड ठेवायची, आणि मूल वाढेल तसतशी सोडत जायची.

"म्हणजे दुमड ठेवून शिवलंय म्हणा की!"

"हो," दुकानदार म्हणाला. (त्याला काहीही कळलं नव्हतं.) "पण एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवून घ्या. कुत्रा केवढा होईल ते त्या सांगतील, मग घ्या."

"नजर आहे आपल्याला," मास्तर म्हणाले आणि बराच वेळ विचार करून, लार्जला दोनदा हात लावून, शेवटी त्यांनी जायंटचं सगळ्यात मोठं पोतं उचललं. उचललं म्हणजे उचलायला लावलं.

घरी पोतं फोडलं, तर दाणे ओव्हरकोटाच्या बटणाएवढे. हत्तीनं एक दाणा तोंडात धरला, त्याला तो पेलवेना, म्हणून नाकानं ढकलत सगळ्या दुकानात फिरवला आणि शेवटी मशीनखाली लपवून ठेवला. बाईंनी मग दाणे तपकिरी कापडाच्या तुकड्यात बांधून, कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर जुन्या लोखंडी इस्त्रीनं ठेचायला सुरुवात केली. हे काम त्यांच्या मागे रोजचंच लागलं.

महिने गेले. हत्ती मास्तरांच्या नडगीपर्यंत आला आणि तिथेच मुक्काम करून राहिला.

"मास्तर, हत्ती दिसत नाही हल्ली?" समोरचा सलूनवाला विचारी.

"तुझ्याच खुर्चीखाली आहे."

"अरे हो की! वाढला नाही वाटतं अजून?"

"वाढतोय. सावकाश. ते खाणंच तसं आहे."

आणि हे ते मनापासून सांगत. इतकं चोख काम करणारी वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. पोत्यावर सावकाश म्हटलं होतं आणि वाढ इतकी सावकाश होती, की ती दिसतसुद्धा नव्हती. हत्ती जितका कमी वाढे, तितकी मास्तरांची त्या खाण्यावरची श्रद्धा वाढे. याच काळात त्यांच्या स्वतःच्या पँटी मात्र धुण्यात आटू लागल्या होत्या. हल्लीच्या कापडात दम राहिला नाही, असं ते पोट आत ओढून सांगत.

एका दुपारी बाई बाजारात गेल्या असताना मास्तरांनी गुपचूप गळ्यातली टेप काढली आणि झोपलेल्या हत्तीला पंजापासून खांद्यापर्यंत लावली. मग आकडा बघितला. आकडा नव्हताच. पिवळ्या पट्टीवर मुंग्यांची रांग असावी तसं काहीतरी होतं. टेप जवळ धरली, लांब धरली, दारात उजेडात नेली. मुंग्या काही आकडे होईनात. मास्तर बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले. त्यांना त्या दिवशी फार एकटं वाटलं. हत्ती उठून आला आणि त्यांच्या पायावर हनुवटी टेकून बसला.

"सांगू नकोस हं कुणाला," मास्तर त्याला म्हणाले.

त्याच सुमारास हॉटेलचं काम आलं. चौकातल्या मोठ्या हॉटेलला सगळ्या नोकरांचे कपडे नव्यानं शिवून हवे होते. आधी नमुना म्हणून दरवानाचा कोट शिवायचा, तो पसंत पडला तर बाकीचं काम मास्तरांना. दरवान म्हणजे माणूस कसला, कपाटच. मास्तरांनी त्याला एकदा समोरून, एकदा पाठमोरा बघितलं. "झालं," ते म्हणाले आणि खडू घेऊन आत गेले. बाईंनी दरवानाला पाणी दिलं आणि "कॉलरपाशी जरा बघते हं," म्हणून थांबवून घेतलं.

कोट झाला, गेला. दुसऱ्याच दिवशी दरवान कोट घालून दुकानात हजर. आणि त्याच्या मागे परिसरातली झाडून सगळी कुत्री.

"मास्तर, कोटात काय शिवलंय तुम्ही?" तो रडकुंडीला आला होता. "सकाळपासून ही माझ्यासमोर बसून आहेत. पाहुण्यांची गाडी आली, मी दार उघडलं, तर पाहुण्यांच्या आधी ही आत!"

तेवढ्यात हत्तीनं झेप घेतली आणि दरवानाच्या उजव्या खिशात मानेपर्यंत घुसून तिथेच लोंबकळत राहिला. बाईंनी त्याला उपसून काढलं, मग खिसा उलटा केला. आतून तपकिरी भुगा सांडला.

"अहो, हे हत्तीचं खाणं ठेचायचं फडकं!"

"अस्तर आहे ते," मास्तर म्हणाले.

"अस्तर करडं होतं. हे तपकिरी आहे."

मास्तरांनी दोन्ही कापडं शेजारी शेजारी धरली. त्यांना दोन्ही सारखीच दिसली. ते कावरेबावरे झाले आणि मग बुडत्यानं हात मारावा तसं त्यांनी शेवटचं बोलून बघितलं.

"खिशाचं सोडा हो. माप बोला! एवढा अवघड कोट, टेपेला हात न लावता! कुठे ओढतोय? कुठे झोळ आहे?"

"मापाला तोडच नाही," दरवान मनापासून म्हणाला. "मॅनेजरसाहेबही तेच म्हणाले. खिसा बदलून द्या, बाकीची माणसं पाठवतो म्हणालेत. पण माप चुकेलच कसं मास्तर? बाईंनी किती नीट टेप लावली होती मला!"

दरवानानं बाईंकडे बघितलं, बाईंनी इस्त्रीकडे बघितलं.

खिसा बदलला, दरवान गेला, कुत्रीही गेली. मास्तर खाली बघून बसले होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"बाह्या परत यायला लागल्या तेव्हापासून. पाणी देते, कॉलर बघते आणि टेप फिरवून घेते. मग तुमची खडूची रेघ जरा सरकवते. फार नाही."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, सुईची भोकं बारीक झालीत."

मास्तरांना आधी राग आला, मग लाज वाटली. आपण ज्या नजरेच्या जोरावर छाती काढून फिरत होतो, ती नजर हे माणूस शेजारी बसून रोज थोडी थोडी शिवून देत होतं, आणि एकदाही त्याबद्दल बोललं नव्हतं.

"माझी नजर गेली गं," ते म्हणाले.

"नजर गेली नाही. चष्मा आलाय. सगळ्यांना येतो."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच हत्तीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी दात बघितले, वजन केलं आणि सांगितलं, की याची वाढ पूर्ण झालेली आहे, आणि तीही केव्हाच.

"मग पंजे?"

"पंजे मोठे आहेत. असतात काहींचे." मग त्यांनी खाण्याचं विचारलं आणि उत्तर ऐकून खिडकीबाहेर थोडा वेळ बघितलं. (खांदे हलत होते.) "लहान जातीच्या मोठ्या कुत्र्याचं द्या," त्या अखेर म्हणाल्या.

तिथून मास्तर सरळ चष्मेवाल्याकडे गेले, कारण दिलेला शब्द दिलेला शब्द.

चष्मा लावून ते दुकानात आले तेव्हा हत्ती आधी त्यांच्यावर भुंकला, मग ओळख पटली तशी शेपूट हलवू लागला. केवढासा होता तो! पण चेहरा गोड होता, हे आजवर नीट कळलंच नव्हतं. बायकोच्या केसांत बरंच पांढरं आलं होतं, आणि तिच्या डाव्या हाताच्या बोटाचं टोक सुईनं टोचून टोचून खरखरीत झालं होतं. हेही आपल्याला दिसायचं राहून गेलं, असं वाटून त्यांना मनापासून वाईट वाटलं. मग त्यांनी घसा साफ केला.

"आजपासून दुकानात प्रत्येकाला टेप," त्यांनी जाहीर केलं. "अपवाद नाही."

"मग सुरुवात घरापासून. हात वर करा," बाई म्हणाल्या.

आणि मास्तरांच्या काही ध्यानात यायच्या आत टेप त्यांच्या कमरेभोवती फिरून आली. त्यांनी मान वाकवून आकडा वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. या वेळी मुंग्या नव्हत्या, स्वच्छ आकडा होता.

"म्हणजे पँटी आटत नव्हत्या?" त्यांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

"वाढ झालीय," बाई म्हणाल्या. "सावकाश झाली, म्हणून कळली नाही."

विषय बदलावा म्हणून मास्तरांनी पायाशी बसलेल्या कुत्र्याकडे बघितलं.

"मी काय म्हणतो, याचं नाव तेवढं बदलून टाकू या. हत्ती म्हणजे लोक हसतात."

"राहू दे की," बाई टेप गुंडाळत म्हणाल्या. "घरात कुणाला तरी शोभतंय."